दूरसंचाराच्या जागतिक परिषदांतून खरंच काही ठरतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी वकील आहे, एका दूरसंचार कंपनीच्या नियामक विभागात नुकतीच लागले आहे. आयटीयू, आयजीएफ, आयकॅन, नियामकांची संमेलनं, असं वर्षभर कुठे ना कुठे काहीतरी चालूच असतं. यातून प्रत्यक्षात काही ठरतं का, की नुसती भाषणं आणि फोटो? आणि पहिल्यांदा जायचं तर कुठे जावं, काय वाचून जावं?"

आधी नावं सांगते: आयटीयू ही संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था, आयजीएफ हा इंटरनेटच्या कारभारावरचा संयुक्त राष्ट्रांचा चर्चामंच, आणि आयकॅन इंटरनेटवरची नावं आणि पत्ते सांभाळते. आता उत्तर. ठरतं, पण सगळीकडे नाही. एखाद्या परिषदेचं आमंत्रण आलं की मी वक्त्यांची यादी बघत बसत नाही. शेवटच्या दिवशी तिथून कोणता कागद बाहेर पडणार आणि तो कोणाला पाळावा लागणार, एवढं आधी विचारते. कुठून आंतरराष्ट्रीय करार निघतो आणि सरकारं त्याला बांधली जातात. कुठून तांत्रिक मानक निघतं. ते पाळणं म्हणायला ऐच्छिक, पण बाजारातली सगळी उपकरणं त्याच मानकावर बनू लागली की ऐच्छिकपणा नावापुरता उरतो. कुठून मार्गदर्शक तत्त्वं येतात, तर कुठून नुसता अध्यक्षांचा सारांश. चारही ठिकाणी जाण्यात अर्थ असू शकतो. पण सारांश देणाऱ्या परिषदेत करार बदलायला गेलात तर हात हलवत परत याल.

करार देणाऱ्यांमध्ये सगळ्यात वजनदार म्हणजे वर्ल्ड रेडिओ कॉन्फरन्स, डब्ल्यूआरसी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू, ती साधारण दर तीन-चार वर्षांनी भरवतो. २०१९ ची इजिप्तमध्ये शर्म अल शेखला झाली, २०२३ ची दुबईत, आणि २०२७ ची शांघायला ठरली आहे. चार आठवडे चालते, हजारो प्रतिनिधी असतात, आणि काम एकच: 'रेडिओ रेग्युलेशन्स' या कराराच्या मजकुरात बदल करणं. कोणत्या लहरी मोबाइलला, कोणत्या उपग्रहांना, विमानांना, हवामान खात्याला, रेडिओ दुर्बिणींना, हे सगळं त्या करारात आहे. तुमच्या कंपनीनं लिलावात घेतलेल्या कुठल्याही स्पेक्ट्रमची वंशावळ शोधत मागे गेलात तर अशाच एखाद्या परिषदेतल्या तक्त्याशी किंवा तळटीपेशी जाऊन पोचाल.

ही व्यवस्था उदात्त हेतूंनी जन्मली, असं उद्घाटनाच्या भाषणांत ऐकायला मिळतं. खरं तर ती भांडणांतून जन्मली. १७ मे १८६५ ला पॅरिसमध्ये वीस देशांनी तारेसाठी करार केला, तो सीमेवरची कटकट मिटवायला. रेडिओचा पहिला करार १९०६ मध्ये बर्लिनला झाला. तेव्हा मार्कोनी कंपनीचे ऑपरेटर दुसऱ्या बनावटीची यंत्रं असलेल्या जहाजांचे संदेश घेत नसत. यंत्र कोणाचंही असो, जहाज आणि किनारा यांच्यातला संदेश घ्यावाच लागेल, असं बर्लिननं बजावलं. एसओएस हा संकटाचा संकेतही त्याच करारात आला. आज इंटरकनेक्शनवरून, म्हणजे एकमेकींची जाळी जोडून देण्यावरून, कंपन्या एकमेकींना कोर्टात खेचतात, त्या वादाचा हा पणजोबा.

आता मुख्य गोष्ट. डब्ल्यूआरसीला कोणत्या विषयांवर चर्चा होणार हे आधीच्या डब्ल्यूआरसीत ठरतं. प्रत्येक परिषदेच्या अजेंड्यावर अगदी शेवटी, दहाव्या क्रमांकावर, 'पुढच्या परिषदेचा अजेंडा' हा मुद्दा असतो. नवखे लोक त्याकडे औपचारिकता म्हणून बघतात आणि त्या खोलीत जातच नाहीत. मुरलेल्या कंपन्या आपला सगळ्यात हुशार माणूस तिथेच बसवतात. विषय अजेंड्यावर आला की चार वर्षं अभ्यासगट चालतात, त्यांचे निष्कर्ष सीपीएम या तयारी बैठकीच्या अहवालात जातात, आणि त्या अहवालात पर्याय अ, ब, क असे मांडून ठेवलेले असतात. परिषदेत 'ड' पर्याय घेऊन उठणाऱ्याकडे लोक सहानुभूतीनं बघतात, इतकंच. म्हणून एखादा विषय अजेंड्यावर येऊ न देणं हेही एक कसब आहे. २०२३ मध्ये दुबईत खालच्या कक्षेतल्या उपग्रहांच्या शक्तिमर्यादा बदलण्याचा विषय काही देशांना २०२७ च्या अजेंड्यावर हवा होता. बराच खल होऊन निष्पन्न काय झालं, तर तांत्रिक अभ्यास करा, पण त्यातून नियमांवर परिणाम होणार नाही. वाचताना हसू येतं. पण या मर्यादा ज्यांच्या बचावासाठी आहेत त्या भूस्थिर उपग्रह चालवणाऱ्यांनी त्या एका वाक्यासाठी किती घाम गाळला असेल याची मला कल्पना आहे.

या रांगेला अपवाद क्वचितच होतो, आणि झाला तर एखाद्या दुर्घटनेमुळे. मार्च २०१४ मध्ये मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० हे विमान २३९ माणसांसह नाहीसं झालं. महासागरावर रडार नसतं. विमान आपली जागा सांगत असतं, पण तेव्हा ते जमिनीवरच्या स्थानकांपर्यंतच ऐकू येत असे. त्याच वर्षी दक्षिण कोरियात बुसानला भरलेल्या आयटीयूच्या सर्वोच्च, म्हणजे सर्वाधिकारी परिषदेनं हा विषय २०१५ च्या डब्ल्यूआरसीकडे तातडीनं पाठवला, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये १०९० मेगाहर्ट्झच्या आसपासची पट्टी विमानाकडून थेट उपग्रहाकडे जाणाऱ्या संकेतासाठी मोकळी झाली. विमान हरवल्यापासून दोन वर्षांच्या आत. आयटीयूच्या मानानं हा वायुवेग म्हणायचा.

नेहमीचा वेग आणि नेहमीची घासाघीस बघायची असेल तर २४ गिगाहर्ट्झचं प्रकरण बारकाईनं वाचा. २४ ते ८६ गिगाहर्ट्झमधल्या काही पट्ट्या ५जीसाठी तपासाव्यात असं २०१५ मध्ये ठरलं. त्यातली सगळ्यात खालची पट्टी २४.२५ पासून सुरू होते. अडचण अशी की २३.८ च्या आसपास वातावरणातली पाण्याची वाफ स्वतःच अतिशय क्षीण लहरी सोडते आणि हवामान उपग्रह त्या मोजून अंदाजाच्या गणितात घालतात. मोबाइल सेवेला दुसरी पट्टी देता येते, वाफेला नाही देता येत. शेजारच्या टॉवरची गळती तिथे शिरली तर उपग्रह तिलाही वाफच समजणार.

मग चार वर्षांचा सगळा वाद गळतीच्या एका आकड्यावर येऊन थांबला. २०० मेगाहर्ट्झच्या रुंदीत जागतिक हवामान संघटनेला उणे ५५ डेसिबल-वॅट हवं होतं, युरोपीय आयोग उणे ४२ वर होता, आणि अमेरिकी दूरसंचार नियामकानं आपल्या नियमांत उणे २० धरलं होतं. डेसिबलची सवय नसेल तर एवढंच लक्षात घ्या की उणे आकडा जितका मोठा तितकी मर्यादा कडक, आणि शेवटच्या दोन आकड्यांत दीडशे पटींहून जास्त फरक आहे. अमेरिकेत तर एकाच सरकारची दोन खाती समोरासमोर आली. मे २०१९ मध्ये नोआ या हवामान संस्थेच्या प्रभारी प्रमुखांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की अंदाजांच्या अचूकतेत ३० टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते. नियामकानं तोवर लिलावसुद्धा सुरू केला होता. शर्म अल शेखला शेवटी तडजोड निघाली ती अशी: बेस स्टेशनसाठी उणे ३३, आणि १ सप्टेंबर २०२७ नंतर सुरू होणाऱ्यांसाठी उणे ३९. सहा डेसिबल खाली म्हणजे गळती एक चतुर्थांश. माझ्या मते या सौद्यात आकड्यांपेक्षा तारीख महत्त्वाची. उपकरण बनवणाऱ्यांना चांगले फिल्टर तयार करायला आठ वर्षं मिळाली आणि हवामानवाल्यांना कडक मर्यादा कागदावर मिळाली. दोन आकड्यांवर एकमत होत नसेल तर दोन्ही आकडे ठेवून मध्ये तारीख घालायची ही युक्ती तुम्हाला पुढेही दिसेल.

असे सौदे मुख्य सभागृहात होत नाहीत. महासभेखाली समित्या, समित्यांखाली कार्यगट, त्यांखाली उपगट, आणि तळाशी मसुदा गट. महासभेत सहा भाषांत दुभाषे असतात. मसुदा गटात बहुधा नसतात; तिथे इंग्रजीत काम चालतं आणि संध्याकाळनंतर तर चालतंच. पडद्यावर मजकूर असतो, ज्यावर एकमत नाही तो चौकोनी कंसात. अध्यक्ष एकेक कंस घेतो आणि विचारतो, "याला कोणाची हरकत?" हात वर गेला की कंस राहतो. रात्री साडेदहाला पाच-सहाच देश उरलेले असतात, आणि जो देश दोनच प्रतिनिधी पाठवू शकतो त्याचा माणूस त्याच वेळी दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कंसावर बसलेला असतो. त्याचा कंस उघडला जातो तो त्याला पटवून नव्हे, तो नसताना. ही व्यवस्थेची सगळ्यात मोठी विषमता आहे असं मला वाटतं, आणि एक देश एक मत या तत्त्वाचा कितीही गौरव केला तरी ती झाकली जात नाही. मसुदा गटात पार झालेला मजकूर वर सरकत संपादन समितीकडे जातो, निळ्या कागदावर पहिल्या वाचनाला आणि गुलाबी कागदावर दुसऱ्या वाचनाला येतो. गुलाबी झाल्यावर तोंड उघडणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

तळटीपांबद्दल थोडं. करारात जगाचे तीन प्रदेश केले आहेत: पहिला युरोप, आफ्रिका, अरब देश आणि जुना सोव्हिएत भाग, दुसरा अमेरिका खंड, तिसरा उरलेला आशिया आणि प्रशांत. मुख्य तक्ता प्रदेशानुसार चालतो, आणि ज्या देशाला वेगळं काही हवं तो तळटीपेत आपलं नाव घालून घेतो. ६ गिगाहर्ट्झच्या वरच्या भागाचं २०२३ मध्ये असंच झालं. मोबाइलवाल्यांना ६४२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ हवं होतं, वायफायवाल्यांनाही तेच. पहिल्या प्रदेशात मोबाइलसाठी ते सरसकट नोंदलं गेलं. तिसऱ्यात वरची शंभर मेगाहर्ट्झ, आणि खालच्या भागासाठी कंबोडिया, लाओस, मालदीव अशी मोजकी नावं. वकील म्हणून तुम्ही तळटीप आधी वाचायला शिका, तक्ता नंतर. आणि हेही ध्यानात ठेवा की 'मोबाइलसाठी नोंद' झाली म्हणजे कुठल्याही सरकारवर ती पट्टी मोबाइललाच देण्याची सक्ती येत नाही. कंपन्यांच्या सादरीकरणांत ही बाब सोयीस्करपणे गळते.

मतदानाचा अधिकारही आपोआप मिळत नाही. शिष्टमंडळाकडे राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान किंवा परराष्ट्रमंत्र्यांच्या सहीचं अधिकारपत्र लागतं, आणि दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी असेल तर मत जातं. अर्थात आयटीयूत मतदान अगदी कमी. पदाधिकाऱ्यांची निवडणूक तेवढी गुप्त मतदानानं होते. २०२२ मध्ये बुखारेस्टला डोरीन बोग्डान-मार्टिन १७२ पैकी १३९ मतं घेऊन महासचिव झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. बाकी सगळं सहमतीनं.

ती सहमती मोडली तर काय होतं हे डिसेंबर २०१२ मध्ये दुबईत दिसलं. १९८८ मध्ये मेलबर्नला झालेला आंतरराष्ट्रीय दूरसंचार नियमांचा करार सुधारायला १४४ देश जमले होते. करार मूळचा टेलिफोनच्या हिशोबांचा, पण मधल्या काळात इंटरनेट आलं होतं. काही देशांना त्याचं नाव करारात हवं होतं, काहींना त्याची सावलीही नको होती. एका रात्री उशिरा अध्यक्षांनी इंटरनेटवरच्या एका ठरावाबाबत सभागृहाचा कल आजमावला. हे मतदान नाही असं सांगितलं, पण अर्ध्या सभागृहानं ते मतदानच धरलं. दुसऱ्या दिवशी प्रास्ताविकातल्या एका वाक्यावर खरंच मतदान झालं आणि अमेरिकेनं सही करणार नसल्याचं जाहीर केलं. शेवटी ८९ देशांनी सह्या केल्या, ५५ नी नाही. भारतानंही तेव्हा केली नाही. परिणाम असा की आज काही देश २०१२ च्या करारानुसार चालतात आणि काही अजून १९८८ च्याच. बरेच जण याला मुक्त इंटरनेट विरुद्ध सरकारी नियंत्रण असा सामना म्हणून रंगवतात. तसं काही अंशी होतंही. पण मूळ बिघाड तयारीत होता: सीपीएमसारखी पर्याय गाळून आणणारी चाळणी इथे नव्हती, त्यामुळे जे चार वर्षांत पचायचं ते दोन आठवड्यांत गिळायला लावलं.

मानकांच्या बैठकांवर फार लिहीत नाही. आयटीयूची मानक परिषद ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी दिल्लीत झाली, आशिया-प्रशांत भागात पहिल्यांदाच, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा ठराव तिथे झाला. पण ५जी कसं चालतं ते थ्रीजीपीपी या कंपन्याप्रधान मंचावर ठरलं. आयटीयूनं त्याला किमान अटी आणि नाव दिलं. इंटरनेटचे प्रोटोकॉल आयईटीएफ या इंजिनिअरांच्या खुल्या मंचावर ठरतात. तिथे कोणी देशाच्या वतीनं बोलत नाही, आणि कल कळावा म्हणून लोक चक्क गुणगुणतात. वकिलानं एकदा तरी बघावं असं दृश्य आहे, पण तिथलं काम तुमच्या इंजिनिअर सहकाऱ्यांचं.

नियामकांच्या संमेलनांचं मोल वेगळं. १९९० च्या सुमारास स्वतंत्र दूरसंचार नियामक बोटांवर मोजण्याइतके होते. फेब्रुवारी १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत ६९ सरकारांनी मूलभूत दूरसंचार सेवा खुल्या करण्याचा करार केला. त्यासोबतच्या संदर्भपत्रात नियामक सेवा पुरवणाऱ्या कंपनीपासून वेगळा असावा, इंटरकनेक्शन न्याय्य दरानं मिळावं, अशा अटी होत्या. त्यानंतर देशोदेशी नियामक उभे राहिले आणि त्यांना एकमेकांची वही बघायची गरज पडली. आयटीयूचं नियामकांचं जागतिक संमेलन २००० पासून भरतं. तिथली मार्गदर्शक तत्त्वं कोणालाच बांधत नाहीत, आणि तरी तिथे ऐकलेली कल्पना वर्ष-दोन वर्षांत एखाद्या नियामकाच्या सल्लामसलतपत्रात उतरलेली मी बघितली आहे. २०१८ मध्ये भारताच्या ट्राय आणि युरोपीय नियामकांच्या बेरेक या संस्थेनं नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या मजकुरात भेदभाव नको या तत्त्वावर, संयुक्त निवेदन काढलं तेही असंच: सक्ती कोणावर नाही, पण दोघांचेही हात मजबूत झाले.

आयजीएफ २००५ च्या ट्युनिस शिखर परिषदेतून निघालं, पहिलं २००६ मध्ये अथेन्सला भरलं आणि ते निर्णय घेत नाही हे त्याच्या जन्मपत्रिकेतच लिहिलं आहे. त्यामुळे तिथे 'काही झालंच नाही' ही तक्रार फिजूल. सरकार, कंपनी, संशोधक आणि कार्यकर्ते एका टेबलावर बसतात, कोणालाच सही करायची नसते, म्हणून मोकळं बोलतात. आयकॅनमध्ये मात्र नावं आणि पैसा दोन्ही गुंतलेले असतात. १ ऑक्टोबर २०१६ पासून अमेरिकी सरकारचा करार संपल्यावर तिथली समुदायाची प्रक्रिया अधिकच पसरट झाली आहे, आणि ती कळायला दोन-तीन बैठका जातात.

अभ्यासकांच्या परिषदांना कंपन्या सहसा पैसे देत नाहीत. ही चूक आहे. स्पेक्ट्रमचा लिलाव करावा हे अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९५९ मध्ये मांडलं तेव्हा अमेरिकी नियामकापुढच्या सुनावणीत त्यांना हा विनोद आहे का असं विचारलं गेलं. त्याच नियामकानं पहिला लिलाव केला १९९४ मध्ये, आणि लिलावाची रीत घडवणाऱ्या मिलग्रॉम आणि विल्सन यांना २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टीपीआरसी या अमेरिकेतल्या दूरसंचार धोरणाच्या संशोधन परिषदेसारख्या परिषदा १९७२ पासून हीच दरी कमी करत आहेत. तुमचा नियामक दहा वर्षांनी काय म्हणेल, याची कच्ची प्रत तिथे ऐकायला मिळते.

तर पहिल्यांदा कुठे जावं? माझं उत्तर बहुतेकांना निराश करतं: डब्ल्यूआरसीला नाही, तुमच्या प्रदेशाच्या तयारी बैठकीला. असे सहा प्रादेशिक गट आहेत, आशिया-प्रशांतचा एपीटी त्यांपैकी एक. गटाचा समान प्रस्ताव झाला की परिषदेत त्यामागे एका दमात अनेक देश उभे राहतात, आणि तो प्रस्ताव घडताना खोली लहान असते. कंपनीचा माणूस म्हणून जाताना तुमच्या बिल्ल्यावर काय लिहिलं आहे ते नीट बघा. कंपनी आयटीयूची सेक्टर सदस्य असली तरी डब्ल्यूआरसीत ती निरीक्षक असते, प्रस्ताव मांडू शकत नाही. म्हणून कंपन्यांचे लोक राष्ट्रीय शिष्टमंडळात बसतात. तिथे बसलात की माइकवर देशाची भूमिका मांडायची, कंपनीची नव्हे. ही रेघ ओलांडणाऱ्याला पुढच्या वेळी यादीत नाव मिळत नाही, आणि मिळूही नये.

वाचायचं ते उलट्या क्रमानं वाचा. आधी गेल्या परिषदेच्या अंतिम करारपत्राला जोडलेल्या देशांच्या निवेदनांचा गठ्ठा. सही करताना देश आपला हक्क राखून ठेवतात, मग इतरांची निवेदनं बघून त्यांवर आणखी निवेदनं देतात. कंटाळवाणा ऐवज, पण कोणाचं समाधान झालेलं नाही आणि पुढचं भांडण कुठून येणार हे त्यात सरळ लिहिलेलं असतं. मग पुढच्या अजेंड्याचा ठराव, मग तुमच्या एका विषयापुरता अभ्यासगटाचा अहवाल. सगळे विषय धरू नका, एक धरा. २०२७ च्या विषयांवरचे पर्याय आता बरेच गोठत आले आहेत, पण २०३१ च्या परिषदेचा प्राथमिक अजेंडाही दुबईत संमत झाला आहे आणि तो अजून हलवता येतो. तुमच्या कंपनीला ज्या पट्टीची काळजी वाटते ती त्यात आहे का, हे सोमवारी ऑफिसात गेल्यावर पहिल्यांदा बघा.